ब्रेक नसलेल्या मोटारीतून माहेरी

आमच्या सासरी मोटारीविषयी वाईट बोलायची बंदी होती. माणसांविषयी बोलायची पूर्ण मुभा होती आणि ती सगळे जण सढळ हातानं वापरत. स्वयंपाकीणबाईंच्या हाताला चव नाही, धाकट्या जावेला रीत नाही, माझ्या माहेरच्यांनी रुखवतात भांडी कमी मांडली, हे सगळं भर पंगतीत माझ्यादेखत बोललं जाई. पण मोटार सुरू झाली नाही तर 'आज तिची मर्जी दिसत नाही' एवढंच म्हणायचं. डावीकडचं दार उघडत नसलं तर उजवीकडून चढायचं आणि चेहरा असा ठेवायचा, की आपल्याला पहिल्यापासून उजवीकडूनच चढायचं होतं.

लढाई नुकतीच संपली होती. मामंजी, म्हणजे माझे सासरे, सांगलीच्या पेठेतले हळदीचे अडते. त्यांचे वडील खेड्याहून बैलगाडीत हळद घालून पेठेत येत. ती बैलगाडी लोकांनी विसरावी ही मामंजींची फार इच्छा होती, आणि त्यासाठी त्यांनी विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाची जुनी मोटार घेतली. साहेब ती का विकतोय, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. इंग्रजाचं राज्य जायची वेळ आली होती, पण त्याच्या मोडक्या डबड्यावरचा आमच्या घराचा विश्वास काही ढळला नव्हता.

समोरून पाहिली तर मोटार रुबाबदार होती. मोठे दिवे, लांब नाक, काळा चकचकीत रंग. आतला कारभार मात्र सगळा आनंदाचा. तिचा हॉर्न वळणावर आपोआप वाजे आणि समोर माणूस आला की मुका होई. मागच्या सीटखालच्या फटीतून रस्ता पळताना दिसे. हातब्रेकची तार केव्हाच तुटलेली होती, म्हणून त्याच्या दांड्याला मामंजी फडक्यात बांधलेला फराळाचा डबा अडकवत. राहता राहिला पायाचा ब्रेक.

हा पायाचा ब्रेक तेलावर चालायचा. तेल वेगळं, खास त्याच्यासाठीचं. ते थेंब थेंब गळे, आणि लढाईमुळे नवं मिळेनासं झालं होतं. पेठेतल्या एका शहाण्या माणसानं सांगितलं, एरंडेल घाला, नडीला चालतं. मामंजी संतापले. एरंडेल बैलगाडीच्या कण्याला घालतात, ते मोटारीला घालू? लोक काय म्हणतील? त्यांनी इंजिनात घालायचं सगळ्यात उंची तेल आणवलं आणि खंडेनवमीला मोटारीची हळदकुंकू, झेंडू लावून पूजा झाल्यावर स्वतःच्या हातानं ब्रेकच्या डबीत ओतलं. आम्ही बायका दारात उभ्या राहून हे कौतुक पाहत होतो. सासूबाईंनी तर मोटारीला नैवेद्यही दाखवला.

पुढं ब्रेक दाबला की कधी लागे, कधी लागत नसे. मामंजी म्हणत, नवीन तेल आहे, अंगवळणी पडायला वेळ लागतो.

त्याच सुमाराला त्यांनी एक ड्रायव्हर ठेवला. पलटणीतून सुटून आलेला, कराडकडचा, तिकडं ब्रह्मदेशात लष्कराच्या ट्रका हाकलेला. त्या घरात मोटारीतलं काही कळणारा तो एकटा माणूस, त्यामुळे त्याचं तिथं निभणं कठीणच होतं. त्यानं दुसऱ्याच दिवशी चाकं उतरवली, बोटाएवढे रबराचे तुकडे काढून मामंजींच्या पुढं धरले आणि म्हणाला, "मालक, रबरं फुगून वडं झाल्याती. इंजनाचं तेल घातलंय कुणी तरी. त्यापरास एरंडेल घातलं आसतं तर चाललं आसतं."

'कुणी तरी' त्याच्यासमोरच उभे होते. मामंजींनी तोंडातली सुपारी गालात फिरवली. पुण्याहून नवी रबरं मागवायचं ठरलं. आठ दिवस लागणार होते.

आता माझं सांगते. मला सातवा महिना होता. डोहाळजेवण झालेलं होतं, पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे साताऱ्याला, व्हायचं होतं. आठवा लागला की वेस ओलांडायची नाही, हा आमच्याकडचा कडक नेम. आठवा लागायला तीन दिवस होते आणि रबरांना आठ. साधा मार्ग उघडा होता. मिरजेला गाडी बदलायची, सातारारोड स्टेशनावर उतरायचं, तिथून पुढं उतारूंची सर्व्हिस मोटार. सगळं जग तसंच जात होतं. पण मामंजींनी मोटार घेतल्यापासून घरातलं हे पहिलंच मोठं प्रस्थान, आणि त्यांची सून व्याह्यांच्या दारात कुठल्या तरी टांग्यातून उतरणार, हे त्यांना सोसणारं नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी मी मागच्या अंगणात पापड वाळत घालत होते. ड्रायव्हर पाण्याची बादली न्यायला आला. मान खाली घालूनच म्हणाला, "वैनीसाब, तुमी आगगाडीनं जावा. पोट दुखतंय म्हणा, मळमळतंय म्हणा, कायबी म्हणा. पर या गाडीत बसू नका. तुमी दोन जीव हाय."

मी 'बरं' म्हणून मान हलवली. सासूबाई स्वयंपाकघरातच होत्या, दहा पावलांवर. मळमळतंय एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं, कारण आमच्याकडं सुनेचं ऐकत नसले तरी सुनेच्या पोटाचं ऐकत.

सकाळी मुहूर्तावर मोटार दारात आली. चारी चाकांखाली लिंबं ठेवली, पुढं नारळ फोडला, माझी ओटी भरली, दहीसाखर हातावर दिली. घर सोडताना कुणी 'कुठं' म्हणून विचारायचं नाही, शिंकायचं नाही, वाकडा शब्द काढायचा नाही. अशा वेळी तो ड्रायव्हर मोटारीला पाठ लावून उभा राहिला आणि सगळ्या पेठेला ऐकू जाईल असं म्हणाला, "मालक, ब्रेक लागत न्हाई. मी न्हाई चालवणार. आठ दिस दम धरा."

मामंजींचा चेहरा ब्रेकसाठी उतरला नव्हता, नारळ फुटल्यावर हे बोलला म्हणून उतरला होता. "निघताना तोंड घातलंस व्हय रं?" ते म्हणाले. "किल्ली ठेव आन चालू लाग."

त्यानं किल्ली ठेवली. जाताना एकदा माझ्याकडं बघितलं. मी पदर सारखा केला आणि उजवीकडून मोटारीत चढले. तेवढ्यात सासूबाईंनी मोटारीची मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. ज्या माणसानं दोष दाखवला त्याला हाकललं आणि दोषाची दृष्ट काढली, असं ते शहाण्यांचं घर होतं.

मोटार मामंजींनी स्वतः चालवायला घेतली. ते पटांगणावर शिकले होते, म्हणजे पुढं न्यायला शिकले होते. शेजारी आमचे हे. यांनी त्याच वर्षी वकिलीची सनद घेतली होती. त्यांच्या मांडीवर एक लाकडी ठोकळा दिला होता. गाडी हळू झाली की यांनी उडी मारायची आणि ठोकळा चाकाखाली सारायचा. कायद्याची एवढी पुस्तकं वाचून शेवटी नेमणूक ठोकळ्यावर झाली, पण ते जरासुद्धा कुरकुरले नाहीत. वडिलांना उलट बोलायचं नाही हा त्यांचा सगळ्यात पक्का पाठ होता.

कृष्णेचा पूल ओलांडला, इस्लामपूर मागं पडलं. सपाट रस्त्याला सगळेच शूर असतात. पुढं बैलगाडी दिसली की मामंजी लांबूनच इंजिन बंद करत आणि मोटार आपल्या पायानं थांबेपर्यंत देवाचं नाव घेत. कराडजवळच्या मलकापूरच्या अलीकडं मेंढरांचा कळप आडवा आला तेव्हा त्यांनी मोटार सरळ रस्त्याखाली नांगरटीत घातली, आणि बाहेर काढायला आलेल्या शेतकऱ्यांना सांगितलं की इंजिन गार करायला थांबलोय. उंब्रजला यांनी उडी मारली, ठोकळा सारला, चाक त्यावरून चढून पलीकडं गेलं आणि मोटार एका चहाच्या हॉटेलाच्या बाकाला टेकून थांबली. बाकावरचा म्हातारा कपबशी घेऊन उठला आणि म्हणाला, "आवं मालक, आत तरी येता का आता?" लोक हसले. मामंजीही हसले. मी पोटावर दोन्ही हात धरून बसले होते आणि मला दोघांचाही राग आला होता, बापाचा आणि लेकाचाही.

पण खरं ते सांगते, नाहीतर हे लिहिण्यात अर्थ नाही. उंब्रजला मी उतरू शकत होते. सर्व्हिस मोटारी तिथं थांबत. पोट दुखतंय म्हटलं असतं तर यांनी मला तिच्यात बसवून दिलं असतं. मी बोलले नाही याचं कारण सासऱ्यांचा धाक, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे. माझ्या माहेरच्या गल्लीत तोवर कुणाची मुलगी स्वतःच्या घरच्या मोटारीतून माहेरपणाला आली नव्हती. सगळ्या आळीनं दारात येऊन मला त्या काळ्या मोटारीतून उतरताना पाहावं, आईनं पाहावं, एवढीच माझी हाव होती. मामंजींना जी हौस होती तीच मला होती, फक्त मला ती पदराआड ठेवता येत होती.

साताऱ्यात सपाट असं फार थोडं आहे. किल्ल्याच्या पायथ्याकडून गल्ल्या उतरत जातात, तशी आमचीही गल्ली उतरती आणि टोकाला आमचं घर. वळणावर मामंजींनी इंजिन बंद केलं, नेहमीच्या सवयीनं. पुढं उतार आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मला ठाऊक होतं. त्या उतारावर मी लहानपणी पळत सुटायची. पण मी तेव्हा केसांवरची धूळ झटकत होते.

मोटार चालू लागली. फार वेगानं नाही, माणूस धावतो तेवढ्यानं. यांनी उडी मारली आणि ठोकळ्यासकट गटारात गेले. हॉर्न अर्थातच मुका झाला. मामंजी पाय आपटत होते आणि हातब्रेक ओढत होते, त्याच्या दांड्यावरून डबा सुटून लाडू माझ्या पायाशी आले. दोन्ही बाजूंच्या दारांत बायका उभ्या होत्या आणि कौतुकानं बघत होत्या.

आई पायरीपुढं उभी होती. एका हातात भाकरतुकडा, एका हातात पाण्याचा तांब्या. पोटुशी लेक आली की तिच्यावरून ओवाळून टाकल्याशिवाय आत घ्यायची नाही, म्हणून ती पुढं येऊन थांबली होती. मोटार तिनं कधी एवढ्या जवळून पाहिली नव्हती. दारात येते म्हणजे ती थांबणारच, एवढं तिला माहीत होतं. ती हलली नाही. माझ्याकडं बघून हसत होती.

मोटार पायरीवर आदळून थांबली. आईचा उजवा पाय मधे सापडला.

मला खरचटलंसुद्धा नाही. मामंजी उतरले, मोटारीचा पुढचा भाग चेपलेला पाहिला, मग आईकडं पाहिलं आणि म्हणाले, "त्या माणसानं निघताना तोंड घातलं, त्याचंच हे." यांनी गटारातून वर येत मान डोलावली. आई जमिनीवर बसलेली होती, तोंड पांढरं पडलं होतं, आणि शेजारणीला सांगत होती, "आधी तिच्यावरनं तुकडा ओवाळा. माझं मग बघा."

हाडवैद्य आले तेव्हा मामंजी ओसरीवरच बसले होते. वैद्यांनी विचारलं, कशानं झालं. आई म्हणाली, "न्हाणीत पाय घसरला." व्याह्यांच्या मोटारीला तिच्या दारात कुणी नाव ठेवू नये, ते पुढं लेकीला ऐकून घ्यावं लागेल, हा तिचा हिशेब. मामंजींनी लगेच, न्हाणीत फार शेवाळ होतं हो, म्हणून दुजोरा दिला. त्यांना जरा लाज वाटली असती तर मी आजही त्यांच्याविषयी थोडं बरं लिहिलं असतं.

रबरं ठरल्याप्रमाणे आठव्या दिवशी सांगलीला आली. तो ड्रायव्हर परत आला नाही. मला मुलगी झाली, पुऱ्या दिवसांची, गुटगुटीत. आईनं माझं बाळंतपण एका पायावर केलं, हे मी शब्दशः सांगते आहे. पाय वाकडा सांधला आणि ती कायमची लंगडी झाली.

मुलगी सातआठ वर्षांची असताना एकदा साताऱ्याला आजीच्या मागं मागं फिरत होती. मुलांना असतं तसं तिनं सरळ विचारलं, "आजी, तू अशी का चालतेस?"

आई म्हणाली, "न्हाणीत पाय घसरला होता गं." आणि तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, त्या ड्रायव्हरनं बघितलं होतं तसं.

मी सूप मांडीवर घेऊन तांदूळ निवडत होते. निवडत राहिले.