आवाज दिला की उठायचं

"ए पोरी, तुहा बाप कोठी हाये?"

दाराबाहेरून आवाज आला आणि मी उठले. विचार करून उठले नाही. आवाज कानात पडला आणि पाय आपोआप सरळ झाले, ओढणी डोक्यावर गेली, मान खाली. चालत दारापर्यंत गेले. आवाज मालकाचा होता. संग्रामपूर तालुक्यातल्या आमच्या गावात निम्मी काळी जमीन त्याची. माझा बाप त्याच्याकडे सालदार, वर्षाच्या बोलीवर राबणारा.

"वावरात गेले जी," मी म्हणाले.

"मोटर बंद हाये म्हना. पाहाय म्हना."

तो गाडीवरून उतरलासुद्धा नाही. गाडीला किक मारली, धूर माझ्या तोंडावर सोडला आणि गेला.

मागे वळले तर लॅपटॉपवर लाल पट्टी. परीक्षार्थी जागा सोडून गेल्यामुळे परीक्षा संपवण्यात आली आहे. एवढंच. खाली 'ठीक आहे' असं बटण. कोणासाठी ठीक?

मी एका पुण्याच्या कंपनीसाठी घरूनच काम करत होते. कंपनीची मेल, फाईली, हजेरी सगळं एका सॉफ्टवेअरवर चालतं. त्याची देखभाल माझ्याकडे. नवा माणूस आला की त्याचं खातं उघडायचं, गेला की बंद करायचं, कोणाला कोणती फाईल दिसेल ते ठरवायचं. याला ॲडमिन म्हणतात. काम कंत्राटी होतं. कायम व्हायचं तर प्रमाणपत्राची परीक्षा पास करा, कंपनी दोनदा बसू देईल, नाहीतर कंत्राट संपलं. असा सरळ हिशेब होता आणि त्यातली एक संधी मी मोटरीच्या निरोपात घालवली.

ही परीक्षा घरबसल्या देता येते. पण कॅमेऱ्यातून एक माणूस सतत बघत असतो. दार बंद पाहिजे. खोलीत दुसरं कोणी नको. ओठ हलवायचे नाहीत, नजर पडद्यावरून हटवायची नाही, जागेवरून उठायचं नाही. आधी कॅमेरा फिरवून सगळी खोली दाखवायची. मी दाखवली होती. चूल, मडकी, बापाची बाज, कपड्यांची दोरी. तिकडून पोरगेला आवाज म्हणाला, "मॅडम, यह तो किचन है। अपना रूम दिखाइए।" मी सांगितलं, हेच आहे. तो म्हणाला, ठीक है.

हे नियम ज्याने केले त्याच्या घरात जास्तीच्या खोल्या असणार. आणि त्याच्या दारात येऊन त्याला 'ए' म्हणणारा कोणी नसणार.

मला स्वतःचाच राग आला. मालकाचा नाही, माझ्या पायांचा. कोणी शिकवलं यांना? मग आठवलं. मी लहान होते, दारात बाजेवर बसून भाकर खात होते. मालक वावराकडे जाताना थांबला. मी बसूनच राहिले, भूक लागली होती. बापाने धावत येऊन अशी थोबाडीत दिली की तोंडातला घास मातीत पडला. दात लागून ओठ फुटला. मालक हसत म्हणाला, "असू दे बे, लेकरू हाये." बाप हात जोडून उभा. मी रक्ताची थुंकी गिळत उभी. आमच्या वस्तीतल्या प्रत्येक पोराला अशी एक थोबाडीत आठवते. जात शाळेच्या दाखल्यावर नंतर येते, आधी ती गालावर येते.

आणि मारणारा हात आपल्याच घरातला असतो. मालकाला हात उचलायचेसुद्धा कष्ट पडत नाहीत.

दुसऱ्या खेपेला मी ठरवलं, आभाळ कोसळलं तरी उठायचं नाही. दुसरीकडे कुठे जाऊन बसावं असंही मनात आलं. पण गावात बंद दाराची खोली ज्यांच्याकडे आहे ते आम्हाला ओसरीच्या पुढे घेत नाहीत. मग वस्तीतल्या बायांना सांगितलं, आज कोणी हाक मारू नका. शेजारच्या काकूने तिची कोंबडी डालग्याखाली कोंडली. सगळ्यांनी ऐकलं.

बापाने मात्र घोळ घातला. त्याला माझं भलंच करायचं होतं. तो सकाळी मालकाकडे गेला, चपला बाहेर काढून, हात जोडून म्हणाला, "मालक, आज दुपारी घराकडं नोका येऊ जी. पोरीची परीक्षा हाये."

सालदाराने मालकाला 'येऊ नका' म्हणायचं! आमच्याकडे अशी विनंती नसते. तो हुकूम होतो, आणि आमच्या तोंडचा हुकूम म्हणजे गुन्हा. मालक कदाचित त्या दिवशी आलाही नसता. आता त्याला येणं भाग होतं.

परीक्षा अर्ध्यावर आली होती. बरी चालली होती, खूप बरी. दारावर लाथ बसली. एकदा, मग पुन्हा. कडीचा खिळा भिंतीतून निघाला आणि दार उघडलं. तो चपलांसकट आत आला. मागे बाप, धापा टाकत.

"काऊन वं, मले येऊ नोको म्हनतं का? तुह्या बापाच्या तोंडून निरोप धाडतं?"

मी पडद्यावरची नजर हटवली नाही. पुढच्या प्रश्नावर खूण केली.

"उठ."

नाही उठले.

पहिली थप्पड कानावर बसली. डोक्यात घंटा वाजली. खुर्चीच्या कडा दोन्ही हातांनी धरल्या आणि बसून राहिले. दुसरी तोंडावर. मग त्याने वेणी धरून मान मागे ओढली, छत दिसलं, कवेलूंमधून आलेला उजेड दिसला. तरी मी खुर्ची सोडली नाही. माझ्या अंगात एवढा हट्ट आहे हे मलाच माहीत नव्हतं.

"उठ वं माय," बाप रडत होता. "पाया पडतो तुह्या. उठ, मंग बस."

माझ्या बापाने मला मारणाऱ्याचा हात धरला नाही. माझेच पाय धरले. हे मी त्याला कधी माफ करीन का, सांगता येत नाही.

तेवढ्यात लॅपटॉपमधून आवाज आला. तोच किंवा तसलाच, स्वच्छ, थंड. "मॅडम, कमरे में दूसरे लोग हैं। यह नियम के ख़िलाफ़ है। आपकी परीक्षा रद्द की जा रही है।"

त्याने सगळं पाहिलं होतं. थप्पड पाहिली, वेणी पाहिली. एक माणूस एका बाईला मारतो आहे हे त्याच्या नियमात कुठे बसत नव्हतं. दुसरा माणूस खोलीत आहे, हे बसलं.

लाल पट्टी आली. मालकाने वाकून ती पाहिली. काही समजलं नसेल, पण आपण काहीतरी मोडलं एवढं त्याला कळलं. तो हसला. वेणी सोडली.

मग मी उठले.

खुर्ची लोखंडी होती, भंगारवाल्याकडून घेतलेली. ती पाठीकडून धरली आणि सगळ्या जोराने त्याच्या तोंडावर मारली. त्याच्या नाकातून रक्त आलं. तो दाराच्या चौकटीवर आदळला. मी पुन्हा उचलली. पुन्हा मारली, खांद्यावर. मला बरं वाटलं. उगाच खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

तो दाराबाहेर ओट्यावर पडला, धोतर रक्ताने भरलं. वस्तीतली माणसं बाहेर जमली. आणि बाप माझ्याकडे धावला. त्याचा हात वर गेला. तोच हात, तीच जागा, माझा तोच गाल.

मी मनगट धरलं. हाडकुळं, नांगराने घट्टे पडलेलं.

"बाबा, आता नाही."

त्याने सोडवून घ्यायचा प्रयत्न केला. मी सोडलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि हात ढिला पडला.

पुढचं थोडक्यात सांगते. मी पोलीस ठाण्यात गेले, तक्रार दिली. अ‍ॅट्रॉसिटीचं कलम लावायला जमादार तयार नव्हता, मी उठून गेले नाही म्हणून लावलं. मालकाने उलटी तक्रार केली, माझ्यावरही गुन्हा दाखल झाला. बापाचं काम सुटलं. तो माझ्याशी बोलत नाही, मी वाढलेलं ताट मात्र खातो. कंपनीने पत्र धाडलं, कंत्राट संपलं, पुढील वाटचालीस शुभेच्छा. झालं तिथलंही.

परीक्षा घेणाऱ्यांकडे त्या दिवसाचं पूर्ण चित्रीकरण आहे. मी मागितलं. म्हणाले, परीक्षार्थीला देत नाही, पोलिसांनी किंवा कोर्टाने मागावं. पोलीस मागत नाहीत. मी दर सोमवारी ठाण्यात जाते आणि विचारते, मागितलं का. जमादाराला माझा चेहरा नको झाला आहे. होऊ दे. त्यांनी नाही मागितलं तर कोर्टात अर्ज करीन. कोर्टाने नाही ऐकलं तर वरच्या कोर्टात.

समेटाची बोलणी घेऊन चार माणसं आली होती. नवीन लॅपटॉप देतो म्हणाले, परीक्षेला मालकाच्या घरची खोली देतो म्हणाले. त्यांच्यातच माझा काका होता, तो म्हणाला, "पान्यात राहून माशाशी वैर करू नोको." मी चौघांना दार दाखवलं. दाराला आता नवी कडी आहे, भिंतीत सिमेंटने बसवलेली.

दुसरी नोकरी शोधते आहे. तीच परीक्षा पुन्हा देईन, याच खोलीत, चुलीजवळ. गाव सोडणार नाही. तक्रार मागे घेणार नाही. बापाने अन्न सोडलं तरी नाही.

काल रात्री कितीतरी दिवसांनी बाप बोलला. भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "तो तुले सोडनार नाही."

"त्याले सांगा," मी म्हणाले, "मीबी त्याले सोडनार नाही."