मावशींचं इंग्रजी

लोणावळ्यात आमचं चिक्कीचं दुकान आहे. तिथल्या मावशी गरम चिक्की लाटून तिच्या वड्या पाडतात. पाक आळला की सुरी चालत नाही, म्हणून हात भरभर चालतो आणि त्याच तालात तोंड, "स्ट्रेंग्थ, स्ट्रेंग्थन, स्ट्राँग." दहावीला त्या इंग्रजीत एकदा नापास झाल्या होत्या, आता पुन्हा बसणार होत्या.

माझ्या इंग्रजी शाळेत हे शब्द नाम, क्रियापद, विशेषण अशा तक्त्यातून शिकवले. मावशींनी त्या शब्दांचं घरच केलं होतं. "नाम म्हंजी सासू, घर तिच्या नावावर. क्रियापद सून, दिसभर राबती. इशेषण नणंद, कोण कसं हाय ते सांगत फिरती."

पप्पा गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "मावशी, या वयात नातवंडं खेळवायची सोडून हे काय?"

"ती बी खेळवते की, शेठ. त्यांच्याकडनंच पाठ म्हणून घेते."

निकालाच्या दिवशी त्या उशिरा आल्या. पदर खोचला, लाटण्याला तूप लावलं आणि म्हणाल्या, "पास झाले. सोमवारी सुट्टी पायजे. अकरावीला नाव घालायचंय."

पप्पा म्हणाले, "सोमवारी नवा माल करायचा असतो. नाही म्हटलं तर?"

"तर मंगळवारी जाईन."