सी शिफ्टची झोप आणि मोठ्या काकांचा कॉल

बाबांचं आणि मोठ्या काकांचं चार वर्षांचं भांडण मिटत आलं होतं, ते मी लिहिलेल्या साठ ओळींच्या प्रोग्रामनं पुन्हा पेटवलं.

मी एका कारखान्यात नेटवर्क सांभाळतो, शिफ्ट ड्युटीत. सी शिफ्ट, म्हणजे रात्रपाळी करून दुर्गजवळ खुर्सीपारच्या घरी येऊन झोपलो, की कारखान्याच्या भट्टीवरून रिटायर झालेल्या बाबांच्या टॅब्लेटवर व्हिडिओ कॉल सुरू. (बाबा कॉलवरसुद्धा भट्टीजवळ बोलावं तसे ओरडून बोलतात.) फायरवॉल, म्हणजे घरात येणारं इंटरनेट तपासून आत सोडणारी व्यवस्था, घड्याळ पाहून कॉल अडवू शकते. पण माझी पाळी दर आठवड्याला बदलते, हे तिला कुठून कळणार? म्हणून मी तिला एक जादा भाग स्वतः लिहून जोडला. कॉलचं पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, आलं की तो माझा ड्युटी चार्ट पाहणार, आणि मी झोपेत असेन तर पॅकेट तिथंच टाकून देणार. घरात कोणाला सांगितलं नाही. अभिमान मात्र एवढा, की आरशात पाहून हसायचो.

काकांच्या घरच्या लग्नपत्रिकेत बाबांचं नाव जावयाच्या खाली छापलं गेलं, तेव्हापासून दोघे भाऊ बोलत नव्हते. आता काका नागपूरला दवाखान्यात होते. सोमवारी हृदयाचं ऑपरेशन. काकूनं निरोप धाडला, की रविवारी सकाळी दहाला ते स्वतः कॉल करतील.

बाबांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि नऊलाच टॅब्लेटसमोर बसले. त्या आठवड्यात माझी सी शिफ्ट होती, पण एका सोबत्याशी ड्युटी बदलून मी घरीच होतो. पोहे खात बाबांच्या शेजारी बसलो. दहा वाजले. अकरा वाजले. मी गाणं लावून पाहिलं, लागलं.

"नेट चांगलं आहे बाबा," मी छातीठोक सांगितलं. "त्यांनी केलाच नाही कॉल."

"तुम्हीच लावा ना," आई म्हणाली.

"करतो म्हणून तो बोलला. मी कावून करू?" बाबांनी शर्ट काढून खुंटीला टांगला आणि भिंतीकडे तोंड करून निजले. त्यांची पाठ हलत होती. मला फार वाईट वाटलं, आणि काकांचा भयंकर राग आला.

काकांचा खोटेपणा सिद्ध करावा म्हणून मी फायरवॉलची नोंद उघडली. दहा ते अकरामध्ये सात कॉल आले होते. सातही अडवले होते, कारण मी न बदललेल्या चार्टप्रमाणे मी गाढ झोपेत होतो.

बाबांना सगळं सांगितलं. ते उठून बसले. मग शर्ट पुन्हा घातला. "फोन नको आता. तुह्या त्या मशीनवर माहा भरोसा नाही. दुर्ग स्टेशनले चाल."

संध्याकाळी नागपूरच्या वॉर्डात काकांनी बाबांना पाहून तोंड फिरवलं. "सात खेपा लावला रे. मले वाटलं, मी मेलो तरी तू उचलत नाहीस."

बाबांनी त्यांचा हात धरला आणि दुसऱ्या हातानं माझ्याकडे बोट दाखवलं. मग दोघे भाऊ रडले, आणि रडून झाल्यावर अर्धा तास मिळून मला बोलले. चार वर्षांत त्यांचं इतकं एकमत झालं नव्हतं.

सिस्टर म्हणाली, पेशंटजवळ गर्दी नको. काका म्हणाले, "याले दारावर उभं करा. हा कोणालेच आत येऊ देत नाही."

मी मुकाट्यानं दारात उभा राहिलो. थोड्या वेळानं काकूनं दोघा भावांसाठी सांगितलेला बिनसाखरेचा चहा घेऊन कँटीनवाला आला, आणि मी त्याला परत पाठवला.