एक जर्मन, एक जपानी आणि जोगळेकर सर

मी डायरी लिहीत नाही. जोगळेकर सरांच्या हाताखाली दोन वर्षं काढली की लिहावीही लागत नाही. वॉशिंग मशीनच्या जाळीत धागे जमतात तसे त्यांचे किस्से डोक्यात जमत राहतात. अधूनमधून कुणापुढे तरी ती जाळी झटकावी लागते, नाहीतर मशीन बंद पडतं. आज तुम्ही सापडलात.

आधी माणसं सांगते. बंगळूरच्या महादेवपुऱ्यातल्या एका काचेच्या इमारतीत सातव्या मजल्यावर आमची अकरा जणांची टीम बसते. जर्मनीतली एक कंपनी बिस्किटं पॅक करायची यंत्रं बनवते. त्या यंत्रांचं सॉफ्टवेअर बाहेर जाण्याआधी आम्ही तपासतो. दर मार्चमध्ये करार नव्याने होतो. झाला तर आम्ही अकरा जण एकत्र, नाही झाला तर अकरा जण अकरा दिशांना. त्यामुळे क्लायंटला दुखवायचं नाही, ही गोष्ट आमच्या कॉफी मशीनलासुद्धा माहीत आहे.

फक्त सरांना नाही.

सर मूळचे ठाण्याचे, वय छप्पन्न, आमचे डिलिव्हरी हेड. सोळा देश फिरलेत, त्यातले नऊ विमानतळाच्या आतूनच. पण प्रत्येक देशावर त्यांच्याकडे जोक आहे आणि प्रत्येक मीटिंग जोकनेच सुरू झाली पाहिजे, असा त्यांचा नियम आहे. त्याला ते ‘आइसब्रेकर’ म्हणतात. मी टीम लीड असल्यामुळे दर वेळी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत असते. म्हणजे बर्फ फुटतो तेव्हा तुकडे माझ्या अंगावर येतात.

*

मी नवीन असतानाची गोष्ट. सरांनी आम्हाला ‘परदेशी माणूस कसा ओळखावा’ यावर दीड तास शिकवलं. त्यात एक रत्न होतं : “जर्मन माणसाला शुक्रवारी जोक सांगा. सोमवारी हसेल!”

इथपर्यंत ठीक होतं. पण पुढच्याच कॉलला त्यांनी हा जोक थेट यूटाला ऐकवला. यूटा म्हणजे क्लायंटची प्रोजेक्ट मॅनेजर, अस्सल जर्मन बाई. मी टेबलाखाली पायाचा अंगठा आवळून बसले.

यूटा खळखळून हसली. तिथल्या तिथे, तेही बुधवारी!

“हा आम्ही स्विस लोकांवर सांगतो,” ती म्हणाली.

तिच्या टीममध्ये तिमो नावाचा फिनलंडचा इंजिनिअर आहे. तो म्हणाला, “आमच्याकडे हाच स्वीडनवाल्यांवर आहे.”

कॉल संपल्यावर मी म्हटलं, “सर, बघितलंत ना? जोक तोच, नुसती नावं बदलतात. म्हणजे यात कुठल्याच देशाबद्दल काही खरं नाहीये.”

सर खुशीत होते. म्हणाले, “अगं केतकी, उलट आहे. म्हणजे तीन देशांत चालतो!”

*

मग यूटा पहिल्यांदा बंगळूरला आली.

“जर्मन आहे ती,” सरांनी आदल्या दिवशी दम भरला. “नऊ म्हणजे नऊ. त्यांच्याकडे रेल्वेगाड्या बघून घड्याळं लावतात. नऊला पाच कमी असताना प्रत्येक जण जागेवर हवा.”

आमच्यातले जाधवअण्णा चामराजपेटेत राहतात. शहराच्या त्या टोकाहून या टोकाला यायचं म्हणजे छोटी यात्राच. ते पावणेसहाला घरातून निघाले. मी नाश्ता न करता आले. पावणेनऊला अकराच्या अकरा जण इस्त्रीच्या कपड्यांत, पुष्पगुच्छासह, रांगेत.

नऊ वाजले. साडेनऊ झाले. गुच्छातला गुलाब मान टाकायला लागला. अण्णा म्हणाले, “अक्का, ही बाई जर्मनीचीच ना? स्वल्प विचारून घे की.”

दहाला दहा कमी असताना यूटा रमतगमत आली. आम्हाला रांगेत बघून ती दारातच थबकली.

“अरे देवा! तुम्ही सगळे आलातसुद्धा? मी तासभर हॉटेलच्या लॉबीत बसून काढला. मला सांगितलं होतं, तुमच्याकडे दिलेल्या वेळेला पोहोचणं उद्धटपणाचं समजतात!”

मी सरांकडे बघितलं. सर खिडकीतून ट्रॅफिककडे बघत होते. जेवणाच्या सुट्टीत मात्र हळूच म्हणाले, “तिची आजी इटालियन असणार.”

*

तिमोची पाळी पुढच्या महिन्यात आली. सरांचा सल्ला तयारच होता : “फिनलंडची माणसं बोलत नाहीत. बोललेलं त्यांना आवडत नाही. गप्प राहा, म्हणजे त्याला घरच्यासारखं वाटेल.”

तिमोला शनिवारी इथल्या शिवाजीनगरचा बाजार बघायचा होता. आम्ही चौघं त्याला घेऊन गेलो. आता शिवाजीनगर म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. बसचे हॉर्न, रिक्षावाल्यांच्या हाका, कपड्यांच्या ढिगावर उभे राहून ओरडणारे विक्रेते. आणि त्या सगळ्यातून तोंड शिवल्यासारखे एकामागोमाग चालणारे आम्ही पाच जण! त्याने बोट दाखवून विचारलं, हे काय आहे? मी म्हटलं, “फणस.” बस. त्याने विचारलं, गोड असतो का? मी मान हलवली.

मग एका हॉटेलात परोठा-कुर्मा मागवला. चाळीस मिनिटं कुणी अवाक्षर काढलं नाही. अण्णा तर घासही आवाज न करता गिळत होते.

शेवटी तिमोने हात पुसले, अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला आणि हलक्या आवाजात विचारलं, “कोण गेलं?”

त्यानंतर आम्ही बोलायला लागलो आणि मग तिमोसुद्धा बोलायला लागला. हॉटेलवर सोडेपर्यंत तो बोलतच होता. त्याच्या सासूबाईंच्या तीनही ऑपरेशनांची माहिती आता माझ्याकडे आहे.

सोमवारी हे सगळं सरांना सांगितलं. सर म्हणाले, “बघ! केलं की नाही त्याला बोलतं?”

*

सरांचं क्षेत्र फक्त परदेशापुरतं नाही, हेही सांगितलं पाहिजे. एकदा डबा खाताना ते अण्णांच्या मागे लागले. अण्णांचं घराणं साडेतीनशे वर्षांपासून बंगळुरात आहे. घरी मराठीच बोलतात, पण त्यात कन्नड असं मिसळलेलं की वेगळं काढता येत नाही.

“अण्णा, तुमचं मराठी म्हणजे सांबारात बुडवलेली पुरणपोळी!” सर म्हणाले आणि स्वतःच हसले.

अण्णांनी शांतपणे ताकाचा घोट घेतला. “असू दे सर. आम्ही घोड्यावरून आलो. तुम्ही स्लीपर बसने आलात, तेही कंपनीच्या पैशांनी.”

टेबल दणाणलं. मग अण्णा थांबेनात. “तिकडून नवा मराठी माणूस आला की पहिल्या आठवड्यात म्हणतो, वा, काय इडली! दुसऱ्या आठवड्यात विचारतो, इथे पोहे कुठे मिळतात? तिसऱ्या आठवड्यात बायकोला फोन : तू ये!”

मी हसले. माझे बाबाही असेच सरकारी कारखान्यातल्या नोकरीसाठी नाशिकहून आले होते आणि तिसऱ्याच आठवड्यात आईला बोलावून घेतलं होतं. तरी हसले. सरांनी ते नेमकं टिपलं.

“आता कशी हसलीस? मी सांगितलं की तुला लेक्चर सुचतं!”

मी डबा धुवायला गेले.

*

पण विमानाच्या जोकवर मी गप्प बसणार नव्हते. तो तुम्हाला माहीत असेलच. एक जर्मन, एक जपानी आणि एक भारतीय विमानातून चाललेले असतात, इंजिन बंद पडतं, पॅराशूट दोनच असतात, आणि शेवटी काही न करता भारतीय माणूस जिंकतो. सरांच्या प्रत्येक जोकमध्ये भारतीय माणूस काही न करताच जिंकतो. मला वाटतं, त्यांना तो जोक न वाटता आत्मचरित्र वाटत असावं.

मी एकदा विचारलं, “सर, या विमानात भारतीय बाई कधीच का नसते?”

सर विचारात पडले. खरंच पडले. दोन दिवसांनी मला केबिनमध्ये बोलावलं. चेहरा असा की पगारवाढच देणार आहेत.

“तुझ्यासाठी बदललाय. आता विमानात भारतीय बाईपण आहे. उड्डाणाच्या आधी तीच सगळ्यांची पॅराशूटं तपासून ठेवते.”

“आणि जिंकतं कोण?”

“तो आपला माणूसच जिंकतो.”

“म्हणजे काम सगळं तिने करायचं आणि जिंकायचं त्याने?”

सरांनी टेबलावर थाप मारली. “बघ! किती रिअॅलिस्टिक झाला!”

*

आता मार्चचा किस्सा.

यंदा कराराला यूटाचे बॉस स्वतः कॉलवर बसणार होते. त्यांच्या कंपनीत आमचं काम दुसऱ्या कुणाला द्यायचं का, यावर चर्चा चालू असल्याचं यूटाने मला आधीच कळवलं होतं. अण्णांना रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलीत, या वयात त्यांना कोण नवीन टीममध्ये घेणार? आणि मी लीड होऊन जेमतेम वर्ष झालेलं. मी सरळ सरांच्या केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं.

“सर, उद्या जोक नाही.”

“अगं, एक छोटासा...”

“छोटासुद्धा नाही. आइसब्रेकर नाही, किस्सा नाही, ‘यावरून आठवलं’ नाही. अकरा माणसांचा प्रश्न आहे. तुमच्या जोकमुळे करार गेला तर मी अण्णांना काय सांगू?”

 सर चष्मा काढून पुसत बसले. मग म्हणाले, “मी तीस वर्षं मीटिंगा अशाच सुरू केल्यात, केतकी. इंग्रजी धड यायचं नाही तेव्हापासून. पण ठीक आहे. तुमची पिढी.”

मला क्षणभर वाईट वाटलं. क्षणभरच.

दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचला कॉल सुरू झाला. पडद्यावर यूटा, तिमो आणि मधोमध त्यांचे बॉस. बॉस जुन्या वळणाचे असावेत, कारण कराराचे कागद छापून समोर ठेवलेले आणि त्यावर पेन. आमच्या बाजूला अकरा जण आणि सर. सरांनी “गुड मॉर्निंग” म्हटलं, हाताची घडी घातली आणि गप्प बसले.

समोरचे तिघं हसऱ्या चेहऱ्याने सरांकडे बघत राहिले. सर टेबलाकडे बघत राहिले.  मग मीच स्लाइड सुरू केल्या. वर्षभरात किती दोष शोधले, किती वेळेत शोधले, सगळं चोख होतं. मी एवढं चांगलं कधीच बोलले नव्हते.

पण समोरचं हसू हळूहळू मावळत गेलं. यूटाने मध्येच विचारलं, “मिस्टर जोगळेकरांची तब्येत बरी आहे ना?”

“उत्तम,” मी म्हटलं.

“ऑफिसात सगळं ठीक?”

“एकदम.”

तिमो बॉसच्या कानाशी काहीतरी बोलला. बॉसनी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, “मागच्या रिलीजचे रिपोर्ट आम्हाला पुन्हा बघायचे आहेत. मूळ नोंदींसकट.” मी दाखवले. “अजून काही राहिलंय का, जे तुम्ही सांगितलेलं नाही?” मी म्हटलं, काहीच नाही. “नक्की?” अण्णांनी मला टेबलाखालून पाय लावला. 

“आपण हे पुढे ढकलू,” बॉस म्हणाले. “यूटा, तारखा दाखव.”

यूटाने कॅलेंडर दाखवायला स्क्रीन शेअर केली. घाईत दुसरीच खिडकी उघडली गेली. आमच्या भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर, पुरुषभर अक्षरांत, एक पान आलं. मथळा होता : ‘बंगळूर टीमबरोबर काम करताना.’

अकरा जणांनी ते एकदमच वाचलं.

१. ‘झालंच’ म्हणजे अजून सुरू व्हायचं आहे.

२. मान आडवी हलली तर होकार समजावा. उभी हलली तरीही होकार समजावा. तारीख लेखी घ्यावी.

३. जेवलात का, असं विचारतील. खरं उत्तर देऊ नये, ते जेवायला नेतात.

४. सुरुवातीला ज्येष्ठ गृहस्थ एक जोक सांगतील. तो तुम्हाला माहीत असेल. तरी हसावं.

५. जोक सांगितला नाही, तर ते काहीतरी लपवत आहेत. कशावरही सही करू नये.

यूटा पान बंद करायला धडपडत होती. बंद होत नव्हतं. तिमोने तोंडावर हात धरला होता. आमच्या खोलीत दहा माना माझ्याकडे वळल्या. अण्णांची सगळ्यात आधी.

“सर,” मी म्हटलं. आवाज माझाच होता, पण कुठून आला कोण जाणे. “सांगा.”

सरांनी हाताची घडी सोडली नाही. “कुठला?”

“कुठलाही!”

“नको, तुझी पिढी...”

“सर, प्लीज!”

सर उठले. कोटाचं बटण लावलं, घसा साफ केला, माझ्याकडे एकदा बघून घेतलं आणि पडद्याकडे वळले.

“तर एक जर्मन, एक फिनिश आणि एक भारतीय लिफ्टमध्ये अडकतात...”

पलीकडे बॉसनी खुर्ची पुढे ओढली आणि पेनाचं टोपण काढलं.