मला दिसणारी माणसं

“आबा, नसलेल्या गोष्टी दिसतात का तुम्हाला?” बीडच्या डॉक्टरबाईंनी विचारलं. शेजारी माझी बायको रुक्मिण बसली होती. मी टोपी सारखी करत बसलो.

त्याआधी डोळ्यांत थेंब घालून तासभर बाकावर बसवलं होतं. मग ओसीटी केली, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो. दोन्ही पडदे मधोमध झिजले होते. मॅक्युलर डिजनरेशन. मोतीबिंदू काढता येतो, तसं हे काढता येत नाही. पण कडेचं दिसत राहील, पूर्ण अंधार व्हायचा नाही, असं बाई म्हणाल्या.

सुरुवात वर्षापूर्वीची. तुरीच्या शेंगा तोडताना जिकडं बघावं तिथंच धुक्याचा ठिपका यायचा. मग माणसांचे चेहरे गेले. ओळखीच्यांना रामराम घालायचा राहू लागला, तर आमच्या गावात, तलवाड्यात, लोक म्हणाले, म्हाताऱ्याला मिजास आली. मी पारावर जाणंच सोडलं. दिवसभर ओसरीवर बसून राहायचो.

अशाच एका दुपारी अंगणात निळ्या लुगड्यातल्या बाया आल्या. वीतभर उंचीच्या. पावलांचा आवाज नाही. पण लुगड्याच्या काठाचा धागा न् धागा दिसत होता. इतकं स्वच्छ मी वर्षभरात काही पाहिलं नव्हतं. रांगेनं चालत त्या भिंतीत विरून गेल्या. पुढं कधी पांढरी घोडी यायची, पत्र्यावर उभी राहायची.

मला भीती त्यांची वाटत नव्हती, घरच्यांची वाटत होती. माझा थोरला भाऊ म्हातारपणी असंच काहीबाही बघायचा. आम्हीच त्याला वेडा ठरवून मागच्या खोलीत ठेवलं, बाहेरून कडी लावून. तो तिथंच गेला. म्हणून चार महिने मी रुक्मिणीलाही काही सांगितलं नाही.

डॉक्टरबाईंनी पुन्हा हळू विचारलं. मी मान डोलावली, दिसतात म्हणून.

“तुम्हाला वेड लागलेलं नाही, आबा,” त्या म्हणाल्या. “डोळ्यांकडून चित्रं येईनाशी झाली की मेंदू स्वतःच चित्रं काढतो. पुष्कळांना असं होतं. सांगत कुणी नाही.”

याला हॅल्युसिनेशन म्हणतात, म्हणजे भास. आजाराला परदेशी नाव आहे, ते काही माझ्या तोंडात बसलं नाही. भावाचेही डोळे गेले होते. त्याला कुणी असं विचारलं नाही. मला तिथंच रडू आलं.

आता मी पारावर जातो. समोर आलात की नाव सांगा, म्हणतो. सांगतात लोक. तुमच्या घरी कुणा म्हाताऱ्याला दिसेनासं झालं, तर वयाचंच आहे म्हणून सोडू नका. डॉक्टरला दाखवा. आणि काय दिसत नाही ते विचारता, तसं काय दिसतं तेही विचारा.

त्या दिवशी बीडहून परतताना एसटीत गेवराई आल्यावर रुक्मिणीनं माझ्याकडं तोंड वळवलं. म्हणाली, “मला कावून न्हाई सांगितलं?”

“कोंडशील म्हणून.”

तिनं माझा हात धरला. मग तिनं विचारलं, आता काय दिसतंय. मी म्हणालो, खाली सगळीकडं पिवळी फुलं हायत, तुझ्या पायापाशी बी.

रुक्मिणीनं चपला काढल्या आणि पाय सीटवर घेतले.

“तुडवाया नको,” म्हणाली.