वाऱ्याची पिशवी

शहराबाहेर नवं विमानतळ झालं आणि आमचं जुनं बंद पडलं. तरी मी अधूनमधून संध्याकाळी तिथे जातो. पहारेकरी ओळखीचा आहे; निरोप द्यायला लोक जिथे उभे राहत, त्या कठड्यापर्यंत तो जाऊ देतो. धावपट्टीच्या भेगांतून आता गवत वाढलंय.

परवा त्या कठड्याशी सत्तरीच्या एक बाई उभ्या होत्या. धावपट्टीकडे त्यांचं लक्षच नव्हतं. त्या पलीकडच्या खांबाकडे बघत होत्या. वाऱ्याची दिशा दाखवणारी नारिंगी कापडी पिशवी तिथे अजून लटकत होती, पार विरलेली.

"काय बघताय?" मी विचारलं.

"माझी शिवण," त्या म्हणाल्या. "आमचे हे इथेच कामाला होते. पिशवी फाटली की घरी आणायचे, मी मशीनवर शिवून द्यायचे. खांबावर चढवलेली मात्र आजच पाहतेय. ते होते तोवर यायचं राहूनच गेलं."

इतकी वर्षं येऊनही त्या पिशवीकडे मी कधी नीट पाहिलं नव्हतं. उतरण्याआधी किती वैमानिकांनी बाईंच्या टाक्यांवर भरवसा ठेवला असेल?

"तुम्ही कधी विमानात बसलात?"

"छे हो!" त्या हसल्या. तेवढ्यात वारा आला आणि पिशवी थोडी फुगली. "कापड गेलं, पण टाका सुटला नाही बघा. वारा पश्चिमेचा आहे. म्हणजे विमान पूर्वेकडून येणार. हे नेहमी सांगायचे."

आम्ही दोघंही पूर्वेच्या रिकाम्या आभाळाकडे पाहत राहिलो.