डब्यावरचं नाव

इंदिरानगरात एका इमारतीच्या तळमजल्यावर, घराच्या पुढच्याच खोलीत, प्रतिभाताई पंचवीस वर्षं बालवाडी चालवतात. समोरच्या इमारतींमधली आणि मागच्या वस्तीतली, दोन्हीकडची मुलं येतात. वस्ती मुसलमानांची, इमारती बाकीच्यांच्या. मोठी माणसं एकमेकांना भेटतात ती किराणा दुकानात, सुटे पैसे देण्याघेण्यापुरती. मुलं मात्र रोज तीन तास एका सतरंजीवर बसतात.

अक्षरं शिकवायची ताईंची रीत कुठल्या कोर्समधली नाही. अगदी पहिल्या वर्षी एका शनिवारी, अंगतपंगतीच्या वेळी, सगळे स्टीलचे डबे एका टोपलीत गेले आणि कुणाला आपला ओळखता येईना. भांड्यांच्या दुकानात झाकणावर नाव घालून मिळतं, तशी नावं मात्र होती. ताईंनी प्रत्येकाच्या हातात एकेक डबा दिला आणि सांगितलं, नाव वाचा, ज्याचं असेल त्याच्या शेजारी जाऊन बसा, अर्धं तुम्ही खा, अर्धं त्याला द्या. तोच पुढे शनिवारचा नियम झाला. टोपलीतून आपला सोडून कुठलाही डबा उचलायचा. नाव वाचल्याशिवाय घास नाही. त्यामुळे ताईंची मुलं स्वतःच्या नावाआधी दुसऱ्याचं नाव वाचायला शिकत.

धनराज, त्यांचा नवरा, अंबडच्या कारखान्यातून निवृत्त झालेला. दोघंही मूळचे नामपूरचे, त्यामुळे घरात अहिराणी. शनिवारी आतल्या खोलीतून तो हमखास ओरडायचा, "तुनी शाळा नही, पंगत शे." ताईंना ते आवडायचं.

यंदा एप्रिलमध्ये मिरवणुकीवरून चौकात दगडफेक झाली. दोन दिवसांत सगळं शांत झालं असं सगळे म्हणाले. जूनमध्ये बालवाडी उघडली तेव्हा चोवीसपैकी सतराच मुलं आली. काही समोरची कमी झाली, काही मागची. भांडायला कुणी आलं नाही. एकीने व्हॅनची सोय झाल्याचं सांगितलं, दुसरीने सासूबाईंची इच्छा सांगितली. ताईंना एकाच गोष्टीची धास्ती होती. मुलं कमी झाली तरी चालतील, पण ही खोली एकाच बाजूची होता कामा नये. तसं झालं तर ती बंद केलेलीच बरी.

राहिलेल्यांत पल्लवीची रोशनी होती आणि फरहानची इन्शा होती. पल्लवी आणि फरहान दोघंही लहानपणी ताईंकडेच शिकलेले, एकाच वर्षी. पल्लवीने आयुष्यात पहिला वाचलेला शब्द 'फरहान' होता, डब्याच्या झाकणावरचा. ताईंना तो शनिवारही आठवत होता. तेव्हा मेथीचे पराठे होते.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी रोशनीने टोपलीतला डबा उचलला, बोट ठेवून वाचलं, "स-ना," आणि डबा परत ठेवला. ताईंना वाटलं, हातातून निसटला असेल. रोशनीने दुसरा घेतला. "हि-रा-म-ण." हा तिने छातीशी धरला आणि विचारलं, हिरामण कोण?

इन्शाने हात वर केला.

डबा तिच्या आजोबांचा होता. जमील आणि हिरामण अंबडला एकाच मशीनवर काम करायचे. जमीलच्या लग्नात हिरामणने तो दिला आणि झाकणावर स्वतःचं नाव घातलं. जमील गेल्यावर त्याची बायको हमीदा, म्हणजे इन्शाची आजी, नातीला त्यातच खाऊ देत असे.

रोशनी इन्शाशेजारी बसली आणि दोघींनी सुक्या शेवया संपवल्या. ताई बघत होत्या. पल्लवीने लेकीला काय बजावून पाठवलं आहे हे त्यांना कळलं. वाचता येणारी मुलगी आता निवडू शकत होती, आणि वाचायला त्यांनीच शिकवलं होतं. तेव्हाच पल्लवीला बोलावून विचारायला हवं होतं. त्यांनी विचारलं नाही. उलट पुढचे तीन शनिवार त्यांनी हिरामणचा डबा टोपलीत सगळ्यात वर, रोशनीच्या हाताला लागेल असा ठेवला. आपण जिंकतो आहोत असं त्यांना वाटत होतं. धनराजला त्यांनी हे हसत हसत सांगितलं. तो हसला नाही. एवढंच म्हणाला, की लपवून किती दिवस चालवशील.

चौथ्या शनिवारी घरी गेल्यावर रोशनीने हिरामणच्या शेवया हव्यात म्हणून हट्ट धरला. सोमवारी पल्लवी दारात उभी होती, बरोबर आणखी दोघी.

"ताई, तुम्ही मला फसवलंत," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता.

ताईंनी डबा कुणाचा, कसा आला, सगळं सांगितलं. मग म्हणाल्या, "पल्लवी, तू इथंच वाचायला शिकलीस. फरहानच्या डब्यावर. मागून मागून पराठा खायचीस त्याचा."

"लहान होते, ताई. काही कळत नव्हतं."

पंचवीस वर्षांत इतकी मुलं या सतरंजीवरून उठून गेली, ती सगळी आता असंच म्हणत असतील का, हा विचार त्यांच्या मनात आला आणि मग गेलाच नाही.

बाकीच्या दोघी अंगतपंगत बंद करा म्हणत होत्या. शेवटी ठरलं ते असं, की पंगत राहील, पण ज्या मुलाला जो डबा नको असेल तो त्याने परत ठेवावा, कुणी आग्रह करायचा नाही. ताईंनी हे मान्य केलं. धनराजला म्हणाल्या, एका खोलीत बसतायत ना, तेवढं पुरे.

शुक्रवारी हमीदा आली. वस्तीत सगळं पोचलं होतं. चहा नको म्हणाली. पिशवीतून तिने तोच डबा काढला. झाकणावरचं जुनं नाव दुकानात घासून काढलं होतं, ती जागा पांढुरकी दिसत होती, आणि तिथं नव्या टोकदार अक्षरांत 'इन्शा' घातलं होतं.

"आता कुणाची फसगत नको, ताई," ती म्हणाली. "तुमची पण नको."

ताईंनी झाकणावरून बोट फिरवलं. हिरामणच्या नावाचा खळगासुद्धा राहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पंधरा मुलं होती. ताईंनी टोपली मधोमध ठेवली. सना आणि इन्शा सतरंजीच्या एका कडेला बसल्या होत्या. तिथं त्यांना कुणी बसवलं नव्हतं. रोशनीचा नंबर आला. तिने हात घातला आणि तोच डबा वर आला. ताईंचा जीव क्षणभर हलका झाला, कारण जोडाक्षरं त्यांनी अजून घेतली नव्हती. दिवाळीनंतर घेतात. 'न्श' पाशी ती अडणार, मग आपण जवळ जाऊन सांगू, तेवढ्यात झाकण उघडलं जाईल.

रोशनीने बोट ठेवलं. "इ-न्शा," ती म्हणाली. न अडखळता.

"शाब्बास," ताई म्हणाल्या. पंचवीस वर्षांची सवय, शब्द आधी तोंडातून गेला. "हे कुणी शिकवलं गं तुला?"

"आईने. कागदावर लिहून," रोशनी म्हणाली, आणि डबा नीट टोपलीत ठेवून तिने दुसरा घेतला.